एक्स-ई२ घ्यावा की जीएक्स७? दोन जुन्या मिररलेस कॅमेऱ्यांतून आपला निवडताना

पॅनासॉनिकने २०१३च्या ऑगस्टमध्ये लुमिक्स जीएक्स७ आणला आणि दोनच महिन्यांनी फुजीफिल्मने एक्स-ई२. दोन्ही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, दोन्ही १६ मेगापिक्सेलचे, दोघांची लेन्स बदलता येते, दोघांचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) मागून पाहिलं तर वरच्या डाव्या कोपऱ्यात, दोघांच्या पोटात छोटा फ्लॅश, दोघांत वाय-फाय. कागदावर अगदी जुळी भावंडं. म्हणूनच जुना, आटोपशीर कॅमेरा शोधायला निघालेला नवखा माणूस हमखास या दोघांपाशी येऊन अडकतो आणि मग रात्र रात्र आकड्यांचे तक्ते बघत बसतो.

मी एक्स-ई२ बरीच वर्षं वापरतो आहे. जीएक्स७ माझ्या बहिणीचा आहे, पण महिना महिना माझ्याकडेच पडून असतो. त्या जोरावर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. फोटोचा दर्जा हा या दोघांतल्या निवडीचा मुद्दा नाही. भिंतीवर लावायचा मोठा प्रिंट काढला तरी कुठला फोटो कशाने काढला हे मला स्वतःलाही सांगता येत नाही. फरक पडतो तो शटर दाबण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत, म्हणजे तुमचे डोळे कुठे असतात आणि बोटं काय शोधत असतात यात. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी ‘रेंजफाइंडर’ या शब्दाचा घोळ मिटवू

हे दोन्ही कॅमेरे रेंजफाइंडर नाहीत. फक्त तसे दिसतात. खऱ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात, म्हणजे उदाहरणार्थ १९५४च्या लायका एम३मध्ये, तुम्ही लेन्समधून बघतच नाही. बाजूच्या वेगळ्या खिडकीतून बघता. त्या खिडकीच्या मधोमध एक फिकट दुसरी प्रतिमा तरंगत असते. लेन्सची रिंग फिरवली की ती सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. असा खरा रेंजफाइंडर असलेला, लेन्स बदलता येणारा पहिला डिजिटल कॅमेरा २००४चा एप्सन आर-डी१.

आपल्या दोघांत यातलं काहीच नाही. दोघेही लेन्समधून आलेलं चित्र सेन्सरवर घेतात आणि व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या पडद्यावर दाखवतात. मग ‘रेंजफाइंडर-स्टाइल’ म्हणजे काय? वर एसएलआरसारखा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासारखा उंचवटा नाही, अंग सपाट आणि डोळा लावायची जागा कोपऱ्यात, इतकंच. पण या कोपऱ्याचा फायदा खरा आहे. उजवा डोळा लावणाऱ्याचं नाक कॅमेऱ्याच्या बाहेर राहतं, आणि डावा डोळा उघडा ठेवून चौकटीत कोण शिरतंय ते आधीच दिसतं. तुम्ही डाव्या डोळ्याने बघणारे असाल तर हा फायदा जवळजवळ संपला. नाक थेट मागच्या स्क्रीनवर टेकतं. कुठला डोळा आपोआप पुढे येतो हे आत्ताच कुठल्याही नळीतून बघून तपासा. गोष्ट वाटते क्षुल्लक, पण पुढे टचस्क्रीनच्या वेळी ती आडवी येणार आहे.

पायरी १ : आपलेच शेवटचे पन्नास फोटो चाळा

फोनमधले चालतील. स्क्रीनशॉट आणि बिलांचे फोटो सोडा. उरलेल्यांत दोन गोष्टी मोजा.

पहिली, कॅमेरा कुठल्या उंचीवर होता? सगळे फोटो उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून असतील तर ठीक. पण मांजर, रांगतं मूल, जमिनीलगतची फुलं, गर्दीत हात वर करून काढलेले असे फोटो निम्म्याच्या आसपास असतील, तर हलणारी स्क्रीन तुम्हाला लागणारच. जीएक्स७ची मागची स्क्रीन वर-खाली कलते. एक्स-ई२ची जागेवरच घट्ट बसलेली आहे. त्यावर उपाय एकच, गुडघे टेकणे.

दुसरी, किती फोटोंत काहीतरी हलत होतं? हे लक्षात ठेवा, फोकसच्या पायरीवर लागेल.

पायरी २ : कॅमेरा बंद असतानाच हातात घ्या

या पायरीवर घाई करू नका. निम्म्याहून जास्त निर्णय इथेच होतो.

एक्स-ई२च्या डोक्यावर दोन चकत्या दिसतील. एक शटर स्पीडची (शटर किती वेळ उघडं राहतं), दुसरी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ की गडद). अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं भोक (आकडा जितका लहान तितकं ते मोठं), लेन्सवरच्या रिंगने बदलतं. पी, ए, एस, एम अशी अक्षरं असलेली मोड-डायल मात्र कुठेच नाही. नवखे इथे गोंधळतात, पण पद्धत एकदा कळली की विसरत नाही. शटरच्या चकतीवर आणि लेन्सच्या रिंगवर, दोन्हीकडे ‘ए’ म्हणजे ‘ऑटो’ अशी जागा आहे. दोन्ही ‘ए’वर ठेवलं की सगळा हिशेब कॅमेऱ्याचा. रिंग ‘ए’वरून काढून ५.६वर आणली की अपर्चर तुमचं, शटर त्याचं. उलट केलं की उलट. दोन्ही ‘ए’वरून काढलं की सगळं तुमच्या हाती. (फुजीच्या स्वस्तातल्या एक्ससी मालिकेच्या लेन्सना अशी रिंग नसते. वरच्या एक्सएफ मालिकेतल्या काही झूमच्या रिंगवर आकडे नसतात, ‘ए’साठी बाजूला छोटी खिट्टी असते.)

यातली गंमत अशी की कॅमेरा बंद असताना, मांडीवर पडलेला असतानाही वरून नजर टाकली की कळतं, शटर १/२५०वर, कॉम्पेन्सेशन उणे एकवर. उन्हातून सावलीत शिरताना, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच बोटाने दोन टक-टक केल्या की काम झालं. प्रकाश आधी बघायचा आणि मग कॅमेरा उचलायचा, अशी ज्याची सवय आहे किंवा ज्याला ती लावून घ्यायची आहे, त्याला हा कॅमेरा हाताला धरून शिकवतो.

याच चकतीने मला एकदा चांगलंच रडवलंय. कॉम्पेन्सेशनची चकती उजव्या कडेला आहे आणि पिशवीत घालता-काढता फिरते. एका पहाटे तळ्यावरच्या धुक्याचे साठ-सत्तर फोटो मी अधिक दीडवर काढले. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उजळ दिसत होतं, मी म्हटलं धुकं आहे, असणारच. घरी येऊन बघतो तर पांढरा कागद. तेव्हापासून पिशवीतून कॅमेरा काढला की आधी अंगठा त्या चकतीवर जातो.

जीएक्स७ला नेहमीची मोड-डायल आहे, शिवाय फिरवायच्या दोन चकत्या : एक शटर बटणाभोवती पुढे, एक अंगठ्यापाशी मागे. मोड जो असेल त्याप्रमाणे त्यांची कामं बदलतात. बंद कॅमेऱ्याकडे बघून काहीच कळत नाही, सगळं स्क्रीनवर वाचावं लागतं. पण चालू असताना वेगाला तोड नाही. एका चकतीवर अपर्चर, दुसरीवर कॉम्पेन्सेशन, डोळा न हलवता. शिवाय पुढे बोटांसाठी चांगला फुगीर उंचवटा आहे. वजन बॅटरी आणि कार्डासह ४०२ ग्रॅम, एक्स-ई२चं ३५०. पन्नास ग्रॅमचा फरक हाताला जाणवत नाही. पकडीचा मात्र जाणवतो आणि त्यात जीएक्स७ सरस आहे. एक्स-ई२ला मोठी लेन्स लावली की तो साबणाच्या वडीसारखा निसटू बघतो.

पायरी ३ : व्ह्यूफाइंडरला डोळा लावा आणि मान फिरवा

आकडे बघाल तर जीएक्स७ पुढे आहे. २७.६ लाख ठिपके, एक्स-ई२चे २३.६ लाख. चित्रही जीएक्स७मध्ये जरा मोठं दिसतं. पण आकड्यांत न दिसणारी गोष्ट अशी की एक्स-ई२चा पडदा ओएलईडी आहे आणि जीएक्स७चा ‘फील्ड सिक्वेन्शियल’ जातीचा. या जातीत लाल, हिरवा आणि निळा रंग एकाच वेळी दिसत नाहीत. एकामागून एक इतक्या भरभर लागतात की डोळा ते एकत्र करून घेतो. पण तुम्ही नजर झटकन फिरवली किंवा पापणी मिटली की पांढऱ्या कडांना क्षणभर इंद्रधनुष्याची झालर दिसते. काहींना ती कधीच दिसत नाही. माझ्या बहिणीला नाही दिसत. मला दिसते, आणि तासाभराने डोकं धरतं. हे कुठल्याही चाचणीच्या आकड्यावरून ठरणार नाही. खिडकीची चौकट किंवा काळ्यावरचं पांढरं अक्षर समोर धरून, दोन मिनिटं मान इकडेतिकडे फिरवून स्वतःच बघायला हवं.

झालर दिसत नसेल तर मात्र जीएक्स७कडे असं काही आहे, जे एक्स-ई२मध्ये नाहीच : त्याचा व्ह्यूफाइंडर नव्वद अंशांपर्यंत वर उचलता येतो. कॅमेरा छातीशी धरायचा, मान खाली घालून विहिरीत डोकावल्यासारखं बघायचं. भर उन्हात स्क्रीन दिसेनाशी होते तेव्हा खालच्या कोनातून फोटो काढायचा असेल, तर याच्यासारखं सुख नाही. आणि समोरच्याला तुम्ही त्याच्याकडे रोखून बघताय असं वाटत नाही, म्हणून चेहरे जरा सैल राहतात.

पायरी ४ : फोकस कुठे आणि कशावर

इथे पहिल्या पायरीवरचा दुसरा आकडा काढा.

जीएक्स७ची स्क्रीन टच आहे. जिथे फोकस हवा तिथे बोट टेकवा, संपलं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असतानाही स्क्रीनवर अंगठा सरकवून फोकसचा चौकोन हलवता येतो. (डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांचा चौकोन नाकाने हलतो. त्यांनी ती सोय मेन्यूतून बंद करावी.) एक्स-ई२ची स्क्रीन टच नाही. चौकोन हलवायचा तर बटणं दाबत एक-एक घर चालत जायचं. म्हणून एक्स-ई२ वापरणारे बरेच जण चौकोन मधोमधच ठेवतात, फोकस करून बटण अर्धं दाबून धरतात आणि मग चौकट सरकवतात. जुनी युक्ती आहे, चालते. फक्त अपर्चर १.४ असताना आणि माणूस जवळ असताना त्या सरकवण्यात डोळ्यांवरचा फोकस कानावर जातो.

वेगाचं म्हणाल तर स्थिर गोष्टींवर दोन्ही पुरेसे चपळ आहेत. जीएक्स७ कॉन्ट्रास्ट बघून फोकस करतो आणि अंधारात आश्चर्यकारक टिकाव धरतो. उणे चार ईव्हीपर्यंत, म्हणजे जवळजवळ काळोखातही फोकस होतो, हा पॅनासॉनिकचा दावा मेणबत्तीच्या उजेडात मला खोटा वाटला नाही. एक्स-ई२च्या सेन्सरवर फेज डिटेक्शनचे, म्हणजे फोकस कुठल्या दिशेला सरकवायचा ते थेट ओळखणारे पिक्सेल आहेत, त्यामुळे तुमच्याकडे चालत येणाऱ्या माणसाचा माग तो जरा बरा ठेवतो. पण त्याला एक अट आहे. कॅमेऱ्यात फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) ४ किंवा त्यानंतरचं हवं. २०१६च्या फेब्रुवारीत आलेल्या या अपडेटने फोकसची पद्धतच बदलली. झोन आणि वाइड-ट्रॅकिंग आलं, आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर आला. अपडेट न केलेला एक्स-ई२ हातात घेऊन ‘हळू आहे’ असं ठरवू नका, तो वेगळाच कॅमेरा आहे.

तरीही स्पष्ट सांगतो. धावणारी मुलं, खेळ, उडणारे पक्षी हेच तुमचं मुख्य काम असेल, तर हे दोन्ही सोडा आणि नंतरच्या पिढीतलं काहीतरी बघा. इथे निवड करून उपयोग नाही.

जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्स पडून असतील तर दोघांवरही अडॅप्टरने बसतात. दोघांतही फोकस पीकिंग आहे, म्हणजे धारदार कडा रंगाने उजळतात. एक्स-ई२मध्ये शिवाय ‘डिजिटल स्प्लिट इमेज’ आहे. मधल्या चौकोनात चित्राचे आडवे काप सरकलेले दिसतात, रिंग फिरवून ते जुळवायचे. खऱ्या रेंजफाइंडरची थोडी तरी चव यातून मिळते. फक्त लक्षात असू द्या, लहान सेन्सरमुळे ५० मिमीची जुनी लेन्स एक्स-ई२वर ७५ मिमीसारखी वागेल आणि जीएक्स७वर १०० मिमीसारखी.

पायरी ५ : सेन्सर एकटा मोजू नका, लेन्ससह मोजा

आकड्यांत बुडालेला नवखा नेमका इथे फसतो.

एक्स-ई२चा सेन्सर एपीएस-सी, साधारण २३.६ गुणिले १५.६ मिमी. जीएक्स७चा मायक्रो फोर थर्ड्स, १७.३ गुणिले १३ मिमी. क्षेत्रफळात एक्स-ई२ दीडपटीहून थोडा मोठा. प्रकाशाच्या भाषेत हा फरक सुमारे दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे सगळं सारखं ठेवलं तर एक्स-ई२चा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००चा दाणा, म्हणजे फोटोतली खरखर, जीएक्स७च्या आयएसओ २०००च्या दाण्यासारखा. फरक आहे, पण जगबुडी नाही.

आता लेन्स लावू. दोघांचीही खरी मजा छोट्या, चपट्या लेन्ससोबत असल्यामुळे तीच जोडी घेऊ. एक्स-ई२वर एक्सएफ २७ मिमी एफ/२.८, जीएक्स७वर पॅनासॉनिक २० मिमी एफ/१.७. दृश्यकोन जवळजवळ सारखाच, फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत ४१ आणि ४०. वजनं ७८ आणि ८७ ग्रॅम (२० मिमीची दुसरी आवृत्ती धरून). पण २.८ आणि १.७ यांत जवळपास दीड स्टॉपचं अंतर आहे. सेन्सरने मिळवलेलं दोन-तृतीयांश स्टॉप लेन्सने कधीच घालवलं. तिन्हीसांजेला खोलीत जिथे एक्स-ई२ आयएसओ ६४०० मागतो, तिथे जीएक्स७ आयएसओ २५००च्या आसपास निभावतो. छोट्या सेन्सरचा फोटो जास्त स्वच्छ!

त्यात २७ मिमीच्या २०१३च्या मूळ आवृत्तीला अपर्चर रिंगच नाही. २०२१च्या आवृत्तीला आली. म्हणजे ज्या रिंगच्या प्रेमापोटी एक्स-ई२ घेतला तीच गायब, आणि अपर्चर मागच्या चकतीने फिरवायचं. दुसऱ्या बाजूला २० मिमीची ती लेन्स फोकस करताना पुढे-मागे घुरघुरत जाते. जीएक्स७च्या चपळाईचं तिच्यापुढे काही चालत नाही.

हीच तुलना एक्सएफ ३५ मिमी एफ/१.४ आणि पॅनासॉनिक २५ मिमी एफ/१.७ यांच्यात केली की पारडं पुन्हा फुजीकडे झुकतं. म्हणून ‘कोणाचा सेन्सर मोठा’ हा प्रश्न सोडा. तुम्ही पुढची दोन वर्षं जी एक लेन्स लावून फिरणार आहात ती आधी ठरवा आणि तिच्यासह हिशेब करा. दोन लेन्स घ्यायच्या असतील तर जीएक्स७चं जग जास्त प्रशस्त आहे. पॅनासॉनिक आणि ऑलिंपस दोघांच्याही लेन्स त्यावर बसतात. ऑलिंपसची ४५ मिमी एफ/१.८ ही चेहऱ्यांसाठीची लेन्स तर मुठीत मावते.

आणि हो, जीएक्स७च्या सेन्सरलाच कंपनरोधक यंत्रणा आहे. दोनच अक्षांवर चालते, नंतरच्या कॅमेऱ्यांइतकी तगडी नाही, पण स्वतःची यंत्रणा नसलेल्या लेन्सला ती उपयोगी पडते. एक्स-ई२मध्ये अशी काही सोय नाही, लेन्सवर ओआयएस (लेन्समधलीच कंपनरोधक यंत्रणा) लिहिलेलं असेल तरच. एक्सएफ १८-५५ मिमी एफ/२.८-४ला ते आहे, आणि ती ‘किट’, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स असूनही तशी वाटत नाही. एकच लेन्स घ्यायची असेल तर एक्स-ई२सोबत मी तीच सुचवीन. ही यंत्रणा तुमचा हात स्थिर करते, समोर हलणाऱ्या मुलाला नाही. हा फरक विसरून पुष्कळ फोटो धूसर होतात.

रंगांविषयी दोन शब्द

फुजीचे जेपेग रंग लोकांना आवडतात आणि त्यात तथ्य आहे. प्रोव्हिया, वेल्विया, अस्टिया ही नावं फुजीच्या फिल्मवरून आली आहेत. फोटो काढून थेट पाठवायचे, संगणकावर बसायचं नाही, असं असेल तर एक्स-ई२ घ्यायला एवढं एक कारणही पुरे. फक्त जास्त आयएसओवर हा कॅमेरा त्वचा मेणासारखी गुळगुळीत करतो. मेन्यूत नॉइज रिडक्शन (दाणा पुसण्याची सोय) उणे दोनवर नेऊन ठेवा आणि विसरून जा.

रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल घेऊन स्वतः काम करणाऱ्यांसाठी उलट सावधगिरी. एक्स-ई२च्या एक्स-ट्रान्स सेन्सरवर रंगांच्या गाळण्यांची मांडणी नेहमीच्या दोन-बाय-दोनऐवजी सहा-बाय-सहाची आहे. काही सॉफ्टवेअर ती उलगडताना गवत आणि दूरच्या पानांचा जलरंगासारखा चिखल करतात, शार्पनिंग वाढवलं की वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. घेण्याआधी एक रॉ फाइल मिळवून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. जीएक्स७चा सेन्सर नेहमीच्या दोन-बाय-दोन, म्हणजे बायर मांडणीचा, कुठेही नीट उघडतो.

व्हिडिओ हवा असेल तर जीएक्स७. एक्स-ई२चा व्हिडिओ बारीक रेषांवर लहरी दाखवतो आणि त्यावर ताबाही कमी. पण जीएक्स७ला बाहेरचा माइक जोडायची जागा नाही, आणि सेन्सरची कंपनरोधक यंत्रणा व्हिडिओत चालत नाही, हे माहीत असू द्या.

पायरी ६ : हातात आलेला नग तपासा

इथवर एक नाव मनात बसलं असेल. आता समोरचा कॅमेरा धडका आहे का ते बघायचं. चार्ज केलेली बॅटरी आणि स्वतःचं मेमरी कार्ड सोबत न्या.

लेन्सचं झाकण लावून, आयएसओ ८००वर चार-पाच सेकंदांचा फोटो काढा. स्क्रीनवर मोठा करून बघा. दोन-चार रंगीत ठिपके चालतील, आकाशगंगा दिसली तर परत द्या. मग झाकण काढून, अपर्चर १६वर नेऊन, मोकळं आकाश किंवा पांढरी भिंत मुद्दाम फोकसबाहेर ठेवून टिपा. धुळीचे करडे डाग दिसले तर ते ब्लोअरने जातात. कडा असलेला, तेलकट किंवा रेघेसारखा डाग दिसला तर सावध व्हा.

डोळ्याजवळचा सेन्सर तपासा. चेहरा जवळ नेला की चित्र स्क्रीनवरून व्ह्यूफाइंडरमध्ये गेलं पाहिजे. मी एकदा असाच एक जुना कॅमेरा घाईत घेतला. घरी येऊन कळलं की तो सेन्सर मेला आहे आणि स्क्रीन आपोआप कधी बंदच होत नाही. बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना. तपासायला तीन सेकंद लागले असते.

जीएक्स७ची कलणारी स्क्रीन पूर्ण वर-खाली करा आणि तसं करताना चित्र लुकलुकतंय का बघा. लुकलुकत असेल तर आतली पट्टी झिजली आहे. व्ह्यूफाइंडरही उचलून तसंच. टच चारही कोपऱ्यांत चालतो का पाहा. एक्स-ई२च्या दोन्ही चकत्या प्रत्येक आकड्यावर टक करून थांबायला हव्यात, आणि चकतीवरचा आकडा व स्क्रीनवरचा आकडा जुळायला हवा. फ्लॅश दोघांचाही वर उचलून एकदा उडवा. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा. डुलली तर ती फुगली आहे.

फर्मवेअर बघायचं असेल तर एक्स-ई२ बंद करून ‘डिस्प/बॅक’ बटण दाबून धरा आणि तसाच चालू करा, आकडा दिसेल. जीएक्स७मध्ये तो सेटअप मेन्यूत असतो.

चार्जर मागून घ्या! दोघांचीही बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्ये चार्ज करावी लागते, केबल लावून कॅमेऱ्यात होत नाही. दोघांच्या बॅटऱ्या नंतरच्या कितीतरी मॉडेलांत वापरल्या गेल्या, म्हणून नव्या मिळायला अडचण नाही. एक्स-ई२ला एनपी-डब्ल्यू१२६ लागते, तिची पुढची ‘एस’ आवृत्तीही चालते. जीएक्स७ला डीएमडब्ल्यू-बीएलजी१०. कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जमध्ये साडेतीनशेच्या आसपास फोटो, जुन्या बॅटरीत त्याहून बरेच कमी. दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या.

दोघांपैकी एकालाही पावसापासून संरक्षण नाही. विकणारा ‘थोडं पाणी चालतं’ म्हणाला तर तो कॅमेरा भिजलेला आहे असं समजा.

पायरी ७ : पहिल्या आठवड्याची मांडणी

एक्स-ई२ आणला असेल तर फर्मवेअर अपडेट करा, नॉइज रिडक्शन उणे दोन, ऑटो आयएसओची कमाल ३२०० आणि किमान शटर १/१२५. शटरची चकती ‘ए’वर, लेन्स ४ किंवा ५.६वर. आठवडाभर फक्त कॉम्पेन्सेशनची चकती फिरवा. पांढरं दृश्य असेल तर अधिककडे, काळं असेल तर उणेकडे. भर उन्हात अपर्चर १.४ला ठेवायचं तर १/४०००चा यांत्रिक शटर कमी पडतो. तेव्हा इलेक्ट्रॉनिक शटर चालू करा, तो १/३२०००पर्यंत जातो. मात्र ट्यूबलाइटखाली तो बंद ठेवा, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे येतात, आणि वेगाने जाणारी चाकं लंबगोल होतात.

जीएक्स७ आणला असेल तर मोड-डायल ‘ए’वर ठेवा, म्हणजे इथे अपर्चर तुमचं. (फुजीच्या ‘ए’चा अर्थ अगदी उलटा, दोन्ही कॅमेरे घरात असलेल्यांचा यात रोज घोटाळा होतो. आमच्याकडे होतो.) पुढची चकती अपर्चरला, मागची कॉम्पेन्सेशनला लावा. चित्राचं प्रमाण मूळचं ४:३ आहे, त्याला हात लावू नका. ३:२ केलं तर जेपेगमध्ये वरचा आणि खालचा भाग कापला जातो. आवाज न करणारा शटर यातही आहे आणि ट्यूबलाइटचे पट्टेही तेच. यांत्रिक शटर मात्र १/८०००पर्यंत जातो, त्यामुळे उन्हात त्याची गरज फारशी पडत नाही. आणि व्ह्यूफाइंडर नव्वद अंशांत उचलून रोज निदान पाच फोटो काढा. पहिले दोन दिवस क्षितिज तिरपं येईल, तिसऱ्या दिवसापासून हात सरळ होतो.